शस्त्रवैद्यांची चित्रे : कोर्दोबा ते पुणे आणि तंजावर

शस्त्रक्रियेची सचित्र हस्तलिखिते ही मध्ययुगीन इस्लामी वैद्यकाने जगाला दिलेली मोठी देणगी आहे. इ.स. १००० च्या सुमारास स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अरबी भाषेत लिहिलेल्या एका ग्रंथापासून ही परंपरा ठळकपणे दिसू लागते. पुढच्या पाचशे वर्षांत ती सीरिया, इजिप्त, इराण आणि तुर्कस्तानात वाढली. या वैद्यकातले औषधांचे ज्ञान दख्खनच्या सुलतानी दरबारांतही पोचले. शस्त्रक्रियेचे चित्र काढून ठेवण्याचे काम मात्र मराठी मुलखात बरेच उशिरा, अठराव्या शतकाच्या अखेरीस झाले. पेशव्यांच्या पुण्यात आणि त्यानंतर भोसल्यांच्या तंजावरात त्याची दोन महत्त्वाची उदाहरणे सापडतात. अरबी हस्तलिखिते आणि ही मराठी चित्रे यांचा थेट वंशसंबंध नाही. तरी दोन्हींमागची गरज एकच होती. हाताने करायचे काम नुसत्या शब्दांनी दुसऱ्याच्या हाती देता येत नाही.

चित्राची गरज

औषधाचा पाठ शब्दांत सांगता येतो. वनस्पतीचे नाव, तोळा-मासा, अनुपान आणि पथ्य एवढे लिहिले की वैद्याचे काम भागते. शस्त्राचे तसे नसते. पाते किती वाकडे, टोक किती बारीक, दांडा कसा धरायचा, छेद कुठून कुठे न्यायचा आणि रुग्णाला कसे निजवायचे हे वर्णनातून पूर्ण कळत नाही.

भारतीय वैद्यकाने ही अडचण वेगळ्या वाटेने सोडवली. सुश्रुतसंहितेत १०१ यंत्रे आणि २० शस्त्रे सांगितली आहेत. सिंहमुख, काकमुख, कंकमुख अशी पशुपक्ष्यांच्या तोंडांवरून ठेवलेली नावे ऐकूनच शिष्याच्या डोळ्यांपुढे हत्याराचा आकार उभा राहत असे. हात बसावा म्हणून सरावाची सोयही सांगितली होती. कापण्याचा सराव कोहळा, दुधी आणि काकडी यांवर, फोडण्याचा सराव पाण्याने किंवा चिखलाने भरलेल्या कातडी पिशवीवर, तर शीर वेधण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरांवर आणि कमळाच्या देठावर करायचा असे. गुरूच्या हाताखाली राहूनच ही विद्या येई. जुन्या पोथ्यांत हत्यारांच्या आकृत्या नाहीत. आजच्या पुस्तकांत दिसणारी सुश्रुताच्या हत्यारांची चित्रे त्या वर्णनांवरून अलीकडच्या काळात काढलेली आहेत.

गुरुशिष्यांची साखळी अखंड असेपर्यंत ही पद्धत उत्तम चालली. साखळी तुटली की शब्द उरत आणि हात हरवत. सुश्रुताने गालाच्या कातडीतून नाक तयार करण्याची रीत दिली आहे. पुढच्या काळात मात्र हे काम ग्रंथ वाचणाऱ्या वैद्यांकडून सुटले आणि ठिकठिकाणच्या कारागीर घराण्यांत तोंडी परंपरेने टिकून राहिले.

सुश्रुताचा ग्रंथ आठव्या शतकाच्या अखेरीस बगदादला पोचला होता. अब्बासी खलिफांच्या बरमकी वजिरांनी त्याचे अरबी भाषांतर करवून घेतले. इ.स. ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बान अल-तबरी याने आपल्या 'फिरदौस अल-हिक्मा' या ग्रंथाच्या शेवटच्या भागात भारतीय वैद्यकाचा सारांश दिला. ग्रीक वैद्य गॅलेन आणि बायझंटाइन शल्यवैद्य पॉल यांच्या ग्रंथांबरोबर भारतीय ज्ञानही अरबी वैद्यांच्या हाताशी होते.

अल-झहरावीचा तिसावा भाग

अबुल कासिम अल-झहरावी (सुमारे ९३६ ते १०१३) हा कोर्दोबाजवळच्या मदीनत अल-झहरा या राजनगरीचा वैद्य होता. त्याच्या 'किताब अल-तसरीफ' या वैद्यककोशाचे ३० भाग आहेत आणि शेवटचा भाग संपूर्णपणे शस्त्रक्रियेला वाहिलेला आहे. त्याचे तीन खंड आहेत. पहिल्या खंडात डाग देण्याचे उपचार, दुसऱ्यात छेद, टाके, मुतखडा, दात आणि बाळंतपण, तर तिसऱ्यात हाडे बसवणे आणि निखळलेले सांधे जागेवर आणणे हे विषय येतात. या एका भागात सुमारे २०० हत्यारांच्या आकृत्या आहेत. शस्त्रक्रियेच्या हत्यारांचा इतका मोठा सचित्र संग्रह त्यापूर्वीच्या कुठल्याही उपलब्ध ग्रंथात नाही.

आपल्या काळात आणि आपल्या मुलखात शल्यविद्येचे जाणकार उरलेले नाहीत, ही खंत झहरावीने सुरुवातीलाच मांडली आहे. शरीररचना न शिकता सुरी हाती घेणाऱ्यांनी केलेले अनर्थही त्याने नोंदवले आहेत. एका अडाणी वैद्याने बाईच्या मानेवरची गाठ कापताना रक्तवाहिनी तोडली आणि ती जागीच दगावली, अशी एक घटना त्यात आहे. अशा चुका टळाव्यात म्हणूनच त्याने हत्यारांचे आकार काढून दाखवले.

त्याची मांडणी अगदी व्यवहारी आहे. आधी रोगाचे वर्णन, मग कृती, आणि हत्याराचा उल्लेख आला की मजकूर थांबवून तिथेच त्याची आकृती. बऱ्याच ठिकाणी एकाच हत्याराचे लहान, मध्यम आणि मोठे असे तीन आकार शेजारी शेजारी दाखवलेले असतात. हत्यार लोखंडाचे, पितळेचे, चांदीचे की हस्तिदंताचे घडवायचे हेही सांगितलेले असते. म्हणजे ते पान वैद्याइतकेच लोहाराच्या आणि सोनाराच्याही उपयोगाचे होते.

दोन हत्यारे जवळून पाहण्यासारखी आहेत. पहिले म्हणजे गळू फोडण्याची लपवलेली सुरी. दोन बाजूंच्या पत्र्यांमध्ये तिचे पाते सरकवता येते. वैद्य ती बोटांत धरून गळवावरून हात फिरवतो, तेव्हा रुग्णाला पाते दिसत नाही. नेमक्या क्षणी पाते पुढे येते आणि काम होते. खात्रीचे गुंगीचे औषध हाताशी नसलेल्या काळात रुग्णाची भीती कमी करण्याचा विचार या घडणीत आहे. दुसरे हत्यार मूत्रमार्गात अडकलेला खडा फोडण्याचे. ती पोलादी सळई असून तिचे टोक तीन धारांचे आणि अणकुचीदार असते. खडा मागे सरकू नये म्हणून त्याच्या मागे दोऱ्याने बांधायचे, सळई हलकेच खड्यापर्यंत न्यायची आणि हळूहळू फिरवत त्याला भोक पाडायचे. खडा फुटला की त्याचे तुकडे लघवीवाटे निघून जातात. या वर्णनातला 'हळूहळू' हा शब्द आणि शेजारच्या आकृतीतले टोक एकत्र पाहिले म्हणजे कृती नीट उमगते.

हलणारे दात सोन्याच्या तारेने बांधणे, दातांवरचे कीटण खरवडण्यासाठी वेगवेगळ्या आकारांची हत्यारे वापरणे, जनावराच्या आतड्यापासून केलेल्या धाग्याने आतील जखम शिवणे, मूत्राशयात औषध सोडण्याची पिचकारी वापरणे, हे सारे त्याच्या ग्रंथात आहे.

नकलांचा प्रवास

छपाई नव्हती तेव्हा प्रत्येक प्रत हाताने उतरवली जाई. मजकूर उतरवणाऱ्याला वैद्यक येत असेच असे नाही. अक्षर चुकले तर पुढचा वाचक संदर्भाने दुरुस्त करू शकतो. आकृतीची एक रेघ चुकली की हत्यारच बदलते, आणि ती चूक पुढच्या प्रत्येक नकलेत वाढत जाते. झहरावीच्या काही उत्तरकालीन प्रतींत हत्यारांची टोके वेलबुट्टीसारखी वळलेली दिसतात. अशा आकृतीवरून लोहाराला काहीही घडवता येणार नाही. म्हणून लेखकाच्या काळाला जवळच्या जुन्या प्रतींचे मोल फार आहे.

अशी एक अतिशय जुनी प्रत भारतात आहे. पाटण्याच्या खुदाबख्श ग्रंथालयात 'अल-तसरीफ'ची हिजरी ५८४ मधली, म्हणजे इ.स. ११८८-८९ ची सचित्र प्रत जपून ठेवलेली आहे. झहरावीच्या मृत्यूनंतर सुमारे पावणेदोनशे वर्षांनी केलेली ही नक्कल आहे.

बाराव्या शतकात टोलेडो इथे क्रेमोनाच्या जेरार्डने शस्त्रक्रियेच्या भागाचे लॅटिन भाषांतर केले. युरोपात झहरावी अल्बुकासिस या नावाने ओळखला जाऊ लागला. चौदाव्या शतकातला फ्रेंच शल्यवैद्य गी द शोलियाक याने त्याचा आधार वारंवार घेतला आहे. १४९७ मध्ये व्हेनिसला हे लॅटिन भाषांतर छापले गेले. भाषा बदलली तरी आकृत्या सोबत गेल्या, त्यामुळे अरबी न जाणणाऱ्या युरोपीय शल्यवैद्यालाही हत्यार कसे असते ते कळू शकले.

डोळा आणि देह

चित्रांचा वापर डोळ्याच्या वैद्यकातही झाला. बगदादचा हुनैन इब्न इशाक (८०९ ते ८७३) याच्या नेत्रविषयक ग्रंथाच्या प्रतींत डोळ्याच्या पडद्यांची आकृती मिळते. मोसुलचा अम्मार इब्न अली इ.स. १००० च्या आसपास इजिप्तमध्ये काम करत होता. मोतीबिंदू शोषून काढण्यासाठी पोकळ सुई वापरल्याचे त्याने लिहिले. तेराव्या शतकात सीरियातल्या खलीफा अल-हलबी याने डोळ्याच्या हत्यारांचा तक्ताच तयार केला. तक्त्याच्या प्रत्येक चौकटीत एक हत्यार, त्याचे नाव आणि उपयोग असे. दोन्ही डोळ्यांचे मज्जातंतू मेंदूकडे जाताना एकमेकांना कसे छेदतात, हेही त्याने आकृतीने दाखवले.

पूर्ण देहाचे चित्र इराणमध्ये आले. शिराझचा मन्सूर इब्न इलियास याने चौदाव्या शतकाच्या अखेरीस शरीररचनेवर फारसीत ग्रंथ लिहिला आणि तो तैमूरच्या नातवाला अर्पण केला. 'तश्रीह-इ-मन्सूरी' या नावाने तो ओळखला जातो. त्यात हाडे, मज्जातंतू, स्नायू, शिरा आणि धमन्या अशा पाच पूर्णाकृती आहेत आणि गर्भवती स्त्रीचे वेगळे चित्र आहे. देह समोरून, गुडघे फाकवून बसल्यासारखा काढलेला असतो आणि अवयवांची नावे त्यांच्या जागीच लिहिलेली असतात. प्रत्यक्ष शवविच्छेदन करून काढलेली ही चित्रे नाहीत. गॅलेनच्या वर्णनांवर ती बेतलेली असल्याने त्याच्या चुकाही त्यांत उतरल्या. तरी विद्यार्थ्याला शरीराचा नकाशा एका दृष्टिक्षेपात दाखवण्याचे काम त्यांनी केले. इराणबरोबर हिंदुस्थानातही या ग्रंथाच्या अनेक प्रती झाल्या.

अमास्याचा साबुनजूओग्लू

झहरावीच्या चित्रांत हत्यारे आहेत, माणसे नाहीत. हत्यार चालवणारा वैद्य आणि उपचार घेणारा रुग्ण यांना शस्त्रक्रियेच्या पुस्तकात आणले ते शरफुद्दीन साबुनजूओग्लू याने. तो १३८५ मध्ये जन्मला. उत्तर अनातोलियातल्या अमास्या इथे १३०८-०९ मध्ये बांधलेल्या रुग्णालयात त्याने अनेक वर्षे काम केले. वयाच्या ऐंशीच्या घरात, १४६५ मध्ये, त्याने 'जर्राहिये-इ-हानिये' हा ग्रंथ पूर्ण केला आणि तो उस्मानी सुलतान दुसरा महमद याला अर्पण केला. त्याच्या तीन हस्तलिखित प्रती आज उपलब्ध आहेत. दोन इस्तंबूलमध्ये आणि एक पॅरिसमध्ये आहे.

ग्रंथाचा गाभा झहरावीचा आहे. त्यात साबुनजूओग्लूने स्वतःच्या अनुभवाची भर घातली. तो तुर्कीत लिहिण्याचे कारणही त्याने स्पष्ट केले आहे. अनातोलियातले लोक तुर्की बोलतात आणि शस्त्रक्रिया करणाऱ्यांपैकी अनेकांना विद्वानांची भाषा येत नाही. ज्यांना उपयोग करायचा आहे त्यांना समजेल असे पुस्तक त्याला हवे होते.

त्यातली सुमारे १४० रंगीत चित्रे कलाकुसरीच्या दृष्टीने साधी आहेत. दरबारी चित्रशाळेची नजाकत त्यांत नाही. उपयोग मात्र पुरेपूर आहे. रुग्ण बसलेला आहे की निजलेला, त्याला कुणी धरले आहे, वैद्य कोणत्या बाजूला आहे, कोणत्या हातात काय आहे, हे पाहताक्षणी कळते. पाठीचा कणा सरकलेल्या रुग्णाला फळीवर बांधून दोन्ही बाजूंनी ताणतानाचे चित्र आहे, डाग देतानाची अनेक चित्रे आहेत. स्त्रीरोगांच्या प्रकरणांत उपचार करणाऱ्या स्त्रियाही दाखवल्या आहेत. पंधराव्या शतकातल्या अनातोलियात स्त्रिया शस्त्रकर्म करत होत्या याचा हा ठळक पुरावा आहे.

दख्खन आणि वऱ्हाड

दख्खनच्या सुलतानी राज्यांत इराणमधून आलेल्या विद्वानांना आणि हकिमांना मान होता. अहमदनगरच्या निजामशाहीत रुस्तुम जुर्जानी या हकिमाने 'जखीरा-इ-निजामशाही' हा औषधींवरचा मोठा फारसी ग्रंथ रचला. बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याची ये-जा होती. औषधी वनस्पतींवरचे त्याचे प्रसिद्ध पुस्तक १५६३ मध्ये गोव्यात छापले गेले. इतिहासकार फिरिश्ता आधी अहमदनगरला आणि पुढे विजापूरला होता. त्याने भारतीय वैद्यकावर फारसीत 'दस्तूर अल-अतिब्बा' लिहिला. अशा रीतीने दख्खनमध्ये यूनानी आणि आयुर्वेद या दोन परंपरांची देवाणघेवाण चालू होती.

या दख्खनी राज्यांशी वऱ्हाडचाही संबंध आला. आजचा यवतमाळ जिल्हा तेव्हा वऱ्हाडच्या सुभ्यात होता. अचलपूरच्या इमादशाहीकडून १५७४ मध्ये वऱ्हाड निजामशाहीकडे गेले आणि १५९६ मध्ये अकबराच्या ताब्यात आले. 'ऐन-इ-अकबरी'त वऱ्हाडच्या सरकारांमध्ये कळंबचे नाव आहे. म्हणजे आज चिंतामणीच्या देवळासाठी प्रसिद्ध असलेले कळंब त्या काळी एका मोठ्या महसुली विभागाचे ठाणे होते. अहमदनगरच्या दरबारातले ग्रंथकार आणि हा वऱ्हाडचा मुलूख काही काळ एकाच राज्याचे भाग होते.

दख्खनमध्ये सचित्र पोथ्यांची कला भरात होती. हुसेन निजामशाहाच्या काळातली 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सचित्र पोथी पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. या कलेचा रोख राजेरजवाडे, लढाया आणि शृंगार यांकडे होता. शस्त्रक्रियेचे चित्र इथे काढले जायला आणखी दोन शतके लागली.

पुणे, १७९३ : कावसजीचे नाक

लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन' या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र आणि एक चित्र छापून आले. चित्रातला माणूस मराठा शेतकरी होता. मजकुरात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात तो इंग्रज फौजेचे बैल हाकण्याच्या कामावर होता. टिपूच्या माणसांच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला, असे पत्रात म्हटले आहे. वर्षाहून अधिक काळ तो तसाच राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. मुंबई इलाख्याच्या नोकरीतल्या थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. कावसजीचे चित्र शस्त्रक्रियेनंतर दहा महिन्यांनी, जानेवारी १७९४ मध्ये काढले गेले. त्यावरून ती १७९३ च्या मार्चच्या सुमारास झाली असली पाहिजे.

कृतीचा क्रम पत्रात बारकाईने दिला आहे. आधी नाकाच्या थोटकावर मेणाचा पातळ पत्रा बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार द्यायचा. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ मारायची. एवढ्या भागाची कातडी सोडवून घ्यायची, मात्र दोन भुवयांच्या मधली अरुंद पट्टी न कापता तशीच ठेवायची. थोटकाची जुनी कातडी तासून तिथे ताजी जखम करायची आणि नाकपुड्यांच्या कडेने, वरच्या ओठापर्यंत खाच घ्यायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या खाचेत रोवायच्या. सांध्यावर पाण्यात कालवलेला कात लावलेल्या कापडाच्या पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवायच्या. चार दिवस दुसरे काहीही लावायचे नाही. मग तुपात भिजवलेली फडकी ठेवायची. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवायचे. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून मऊ कापडाच्या वाती आत घालायच्या. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास भुवयांमधली पट्टी कापून टाकायची आणि नाकाला शेवटचा आकार द्यायचा.

सगळी खुबी त्या न कापलेल्या पट्टीत आहे. कातडी पूर्ण सोडवली असती तर रक्ताअभावी ती काळी पडून गळाली असती. पट्टीतून रक्त येत राहते, तोवर कातडी नव्या जागी रुजते आणि तिथल्या रक्तवाहिन्या तिला आपलेसे करतात. मग पट्टीची गरज उरत नाही. पानात घालायचा कात तुरट असतो, तो जखम आवळतो आणि वाळल्यावर कडक होऊन सांधा धरून ठेवतो. मेणाचा पत्रा म्हणजे शिंप्याने कापड बेतण्यापूर्वी घेतलेल्या मापासारखा होता. पडलेले नाक उभारायला कातडी किती लागेल, याचा अंदाज त्याने चुकत नसे.

चित्र काढणारा जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९१ मध्ये मुंबईला आला. पुण्यातला इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने त्याने सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढली. पुण्याचा चित्रकार गंगाराम तांबट याने याच काळात मॅलेट आणि वेल्स यांच्यासाठी काम केले. कावसजीच्या चित्रात बरा झालेला माणूस समोर बघतो आहे, नाक जागेवर आहे आणि कपाळावर कातडी काढल्याची खूण दिसते आहे. सोबतच्या लहान आकृत्यांत मेणाचा पत्रा आणि छेदाच्या रेघा दाखवल्या आहेत. झहरावीने हत्यार दाखवले, साबुनजूओग्लूने कृती दाखवली, पुण्याच्या चित्राने कृती आणि तिचा परिणाम एकाच पानावर आणला.

एक उणीव मात्र मोठी आहे. रुग्णाचे नाव नोंदले गेले, पाहणाऱ्या दोन डॉक्टरांची नावे नोंदली गेली, चित्रकाराचे नाव टिकले. ज्याच्या हाताने हे नाक बसले, त्याची फक्त जात लिहिली गेली. शस्त्रक्रियेच्या इतिहासातल्या एका मोठ्या कारागिराचे नाव जगाला मिळाले नाही.

लंडनला पोचलेली विद्या

युरोपात नाक बसवण्याची वेगळी रीत होती. बोलोन्याचा गास्पारे तालियाकोत्सी याने १५९७ मध्ये दंडाच्या कातडीतून नाक तयार करण्यावर सचित्र ग्रंथ छापला होता. त्या रीतीत रुग्णाचा हात कित्येक दिवस चेहऱ्याशी बांधून ठेवावा लागे. पुढे ती मागे पडली. पुण्याच्या वृत्तांताने हा विषय पुन्हा जागा केला.

जोसेफ कार्प्यू या लंडनच्या शल्यवैद्याने तो वाचला, हिंदुस्थानात राहून आलेल्यांकडे चौकशी केली आणि मृतदेहांवर बराच काळ सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सी इथल्या यॉर्क रुग्णालयात त्याने कपाळाच्या कातडीतून एका लष्करी अधिकाऱ्याचे नाक उभे केले. दुसरी शस्त्रक्रियाही यशस्वी झाल्यावर १८१६ मध्ये त्याने सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. १८१८ मध्ये बर्लिनच्या कार्ल फॉन ग्रेफे याने याच विषयावर आपले पुस्तक काढले. कपाळाच्या कातडीची ही रीत जगभर 'भारतीय पद्धत' म्हणून ओळखली जाते. अपघात किंवा कर्करोग यांमुळे नाक गेलेल्या रुग्णांसाठी तिची सुधारलेली रूपे आजही प्लास्टिक सर्जन वापरतात आणि कातडीची पट्टी कापण्यापूर्वी साधारण तीन आठवडे थांबतात.

तंजावर : सरफोजींच्या नोंदी

पुण्याचे चित्र परक्याने काढले. दुसरे उदाहरण मराठी राजाच्या स्वतःच्या पुढाकाराचे आहे. तंजावरचे सरफोजी राजे भोसले (१७७७ ते १८३२) १७९८ मध्ये गादीवर आले. पुढच्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांनी आपले आयुष्य विद्येत घातले. श्वार्त्झ या जर्मन मिशनऱ्याच्या हाताखाली ते शिकले होते. सरस्वती महाल ग्रंथालयाचा त्यांनी मोठा विस्तार केला. धन्वंतरी महालात त्यांनी आयुर्वेद, सिद्ध, यूनानी आणि पाश्चात्त्य वैद्यक या चारही परंपरांचा अभ्यास करवला. युरोपातून शस्त्रक्रियेची हत्यारे आणि पुस्तके मागवली.

त्यांच्या काळातल्या नेत्ररुग्णांच्या नोंदी सरस्वती महालात आहेत. रुग्णाची तक्रार, तपासणी, दिलेले उपचार आणि डोळ्याची रंगीत चित्रे असे त्यांचे स्वरूप आहे. बाहुलीचा रंग, पडदा, लाली आणि डाग हाताने रंगवलेले आहेत. त्या काळची मोतीबिंदूची शस्त्रक्रिया म्हणजे सुईने धूसर झालेले भिंग बाहुलीसमोरून खाली ढकलणे. ती सुश्रुतालाही माहीत होती, अरबी नेत्रवैद्यांनाही. प्रकाशाची वाट मोकळी होई, पण जखम चिघळण्याचा धोका मोठा होता. म्हणून प्रत्येक रुग्णाचा परिणाम लिहून ठेवणे मोलाचे होते. हलबीच्या तक्त्यात हत्यार आहे, तंजावरच्या कागदात एकेका माणसाचा डोळा आहे. छायाचित्रे येण्यापूर्वीची ही रुग्णनोंद भारतीय वैद्यकाच्या इतिहासात दुर्मीळ आहे.

जपणुकीचा प्रश्न

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. झहरावीची हत्यारे आजही घडवून पाहता येतात, कारण त्यांच्या जुन्या प्रती पाटण्यासारख्या ठिकाणी जपल्या गेल्या. साबुनजूओग्लूच्या तीनच प्रती उरल्या, तेवढ्यांनीही एका रुग्णालयाचे काम जगापुढे आणले. पुण्याच्या कारागिराची विद्या एका मासिकातल्या चित्रामुळे पोचली. ज्यांचे चित्रही झाले नाही आणि लेखही झाला नाही, अशा कितीतरी हाडवैद्यांचे, सुइणींचे आणि शस्त्रवैद्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबरच गेले.

वऱ्हाडात जुन्या हस्तलिखितांची कमतरता नाही. महानुभाव पंथाच्या पोथ्या याच भागात मोठ्या संख्येने लिहिल्या आणि जपल्या गेल्या. यवतमाळला य. खु. देशपांडे यांनी शारदाश्रम उभारून अशा पोथ्यांचा संग्रह आणि अभ्यास केला. त्यामुळे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाला मोठी साधने मिळाली. धार्मिक पोथ्यांना घराघरांत मान असतो. औषधांची बाडे, गुरांच्या आणि माणसांच्या उपचारांचे मोडी कागद, हकिमाच्या घरातल्या फारसी-उर्दू वह्या यांना तो मिळत नाही. ते माळ्यावर पडून राहतात आणि घर पाडताना रद्दीत जातात. राष्ट्रीय हस्तलिखित मोहीम २००३ मध्ये सुरू झाली, पण घरात काय आहे हे घरच्यांनी सांगितल्याशिवाय कुठल्याही मोहिमेला ते कळत नाही.

यवतमाळ जिल्ह्यात आणि वऱ्हाडात ज्यांच्या घरी असे कागद असतील, त्यांनी ते ओल आणि वाळवी यांपासून दूर, स्वच्छ सुती कापडात बांधून ठेवावेत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये. प्रत्येक पानाचे छायाचित्र काढून घ्यावे आणि जवळच्या संशोधन संस्थेला दाखवावे. एखाद्या पानाच्या कडेला सुरीची, चिमट्याची किंवा डाग देण्याच्या सळईची साधी रेघोटी असेल, तर ते पान आधी दाखवावे. लिहिणाऱ्याचे नाव, गाव आणि घराण्याची माहितीही सोबत द्यावी, म्हणजे विद्येबरोबर ती जपणाऱ्याचे नावही राहील.